बर्फवाल्या हाजींची भिंत

इज्बत-अल-बुर्ज,
३ जानेवारी १९९४

शहातमामा, सलाम.

पोचलात ना सुखरूप? गुडघे काय म्हणतात? बसमध्ये चढताना तुम्ही ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धारल्यात, ते मी मागे उभी राहून ऐकत होते. बाबा असते तर हसून हसून खाली बसले असते.

इथे माणसांची रीघ अजून चालूच आहे. दुपार कलली की ओटा भरतो. बिनसाखरेची कॉफी उकळून उकळून माझे हात भरून आले. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आणि प्रत्येकीत बर्फ. ऑगस्टात कुणाच्या घरी मयत झाली, की निरोप जायच्या आधी दारात बाबांच्या दोन लाद्या. कुणाचं लग्न, की सरबतासाठी लाद्या. एखादी मच्छीबोट वेळेवर परतली नाही, तर शोधायला पहिली बाहेर पडणार ती आपल्या बर्फाच्या कारखान्याचीच मोटरबोट. आणि हे सगळं करताना तोंडाचा पट्टा चालू. तांडेल हमदून काल रडत रडत म्हणाला, "समुद्रातून मला ओढून वर काढलं आणि पहिलं वाक्य काय, तर 'गाढवा, डिझेल भरायला काय तुझा बाप येणार होता?' त्या शिव्यांसाठी आता कुठे जाऊ?" मी हसले आणि मग माझंही रडू थांबेना.

कारखाना मी बघते आहे. काळजी नको.

विचारायचं ते हे. आपल्या गल्लीत हज करून आलेल्यांच्या सगळ्या घरांवर चित्रं आहेत. काबा आहे, उंट आहे, कुणाकडे सिंहसुद्धा आहे, तो कशासाठी देव जाणे. फक्त आपलीच भिंत कोरी. बाबांना किती वेळा म्हटलं, तर दर वेळी एकच, "भिंत ओली आहे, खाऱ्या हवेत रंग धरत नाही." शेजारच्या भिंतीवर धरतो, आपल्यावर नाही! आता त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आत ती भिंत रंगवायचीच, असं मी सगळ्यांसमोर बोलून बसले आहे. बाबांचं नाव त्या भिंतीवर दिसलं नाही तर मला चैन पडणार नाही. रंगारी गन्नाम उस्तादाने चुना मारूनही ठेवला. तो विचारतो, बोट काढायची की विमान? मला सांगता येईना. आईला विचारलं तर म्हणाली, "तुझ्या मामाला विचार, बंदरावर तो असतो." तर लवकर कळवा.

तुमची
इन्शिराह

---

सुएझ,
११ जानेवारी १९९४

इन्शिराह पोरी,

गुडघे जागेवर आहेत, फक्त माझं ऐकत नाहीत.

तू भिंत रंगवते आहेस हे वाचलं आणि चहाचा पेला तसाच हातात राहिला. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. बापावर गेली आहेस, आणि थोडी माझ्यावरही, असं म्हणायला हरकत नाही.

विमान कसलं काढतेस! दाजींचा आणि विमानाचा काय संबंध? बोट. पांढरी, मोठी, वर काळं धुराडं असलेली. हजचा हंगाम आला की दरवर्षी दाजी माझ्या दारात हजर, आणि शेवटची बोट सुटेपर्यंत त्यांचा पाय बंदरातून निघत नसे. उन्हाने चेहरा तांब्यासारखा व्हायचा, पण गडी खूश. तीन आठवडे माझ्या घरी शिव्यांना खंड नसायचा. यंदा ते घर कसं लागेल, त्याचा मी विचारच करत नाही.

गन्नामला सांग, समुद्र निळा काढ, हिरवा नको. तुमच्याकडच्या रंगाऱ्यांना समुद्र म्हणजे पालेभाजी वाटते.

ताईला सलाम. तिच्या हातचं कांदा भरलेलं बदक मयताच्या घरी मागता येईना म्हणून गप्प बसलो होतो. पुढच्या वेळी गप्प बसणार नाही.

तुझा मामा
शहात

---

इज्बत-अल-बुर्ज,
३० जानेवारी १९९४

मामा, सलाम.

चाळिसावा पार पडला. तुम्ही यायला हवं होतंत, पण थंडीत त्या गुडघ्यांना घेऊन आला असतात तर मलाच शिव्या खाव्या लागल्या असत्या.

भिंत काय झाली आहे म्हणून सांगू! बोट हुबेहूब तुम्ही सांगितलीत तशी. समुद्र निळा (गन्नाम उस्ताद दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता). उजवीकडे काबा, आणि डेकवर बाबा, एहरामच्या पांढऱ्या वस्त्रांत, हात वर करून आपल्याला निरोप देताहेत. पोट जरा कमी काढलं आहे, ते मीच सांगितलं. वर मोठ्या अक्षरांत 'हज कबूल, हाजी मुतवल्ली'. गल्लीतली माणसं येऊन उभी राहतात, हात पसरून दुआ मागतात आणि जातात. काल नदीच्या पलीकडच्या काठावरूनही काही जण होडीने बघायला आले.

आई बाहेर आली. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "रंग चांगला आहे," आणि आत गेली. तिला भरून आलं असणार.

मला फार बरं वाटतं आहे, मामा. बाप गेल्यावर पहिल्यांदाच पोटभर जेवले. एवढं तरी त्यांच्यासाठी नीट झालं.

तुमची
इन्शिराह

---

सुएझ,
५ फेब्रुवारी १९९४

अगं पोरी, हे काय करून बसलीस!

डेकवर? एहराम घालून? दाजी आयुष्यात कधी त्या बोटीच्या डेकवर चढले नाहीत. ते धक्क्यावर असायचे, धक्क्यावर! बर्फ घेऊन. ते हजला गेलेच नाहीत, इन्शिराह. एकदाही नाही.

मला वाटलं तुला ठाऊक आहे. ताईला पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे, म्हणजे पोरीला सांगितलं असणार, असं धरून चाललो. तुझं पत्र वाचून मी म्हणत होतो, वा रे पठ्ठी, बाप हजला गेला नाही तरी त्याला भिंत देते आहे.

आता 'हज कबूल' लिहून बसलात. ज्याने हज केला नाही त्याच्या नावाने! कुणी विचारलं तर काय सांगशील?

शहात

---

इज्बत-अल-बुर्ज,
१३ फेब्रुवारी १९९४

मामा,

रोजे सुरू झाले म्हणून तोंड आवरते आहे, नाहीतर हे पत्र तुम्हाला वाचवलं नसतं.

पत्र हातात घेऊन आईसमोर उभी राहिले. ती मसूर निवडत होती. म्हटलं, "आई, बाबा हजला गेले नव्हते?" म्हणाली, "नाही." म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीस?" तर म्हणते, "तू बोट की विमान विचारलंस. गेले होते का, हे कुठे विचारलंस?" आणि पुन्हा मसूर! भिंत होऊ का दिलीस म्हटलं, तर हात थांबले. म्हणाली, "चित्रात तरी गेलेले बघावे वाटले." मग मीही मसूर निवडायला बसले.

पण राग आई-मामांचा नाही, बाबांचा आहे. दहा वर्षं गावाने 'हाजी' म्हटलं. परत आले की लोक दारात येऊन 'हज कबूल होवो' म्हणायचे. ते म्हणायचे, "तुमच्याही नशिबी येवो." माझ्या कानांनी ऐकलं आहे. घरात झमझमचं पाणी यायचं, मदिनेचे खजूर यायचे. आणि ती कातडी पिशवी, जिच्यावर जेद्दाचं लेबल आहे, ती मी लग्नात सासरच्यांना दाखवली होती! बाजारात वजनात मारतात त्यांच्या तोंडावर जाब विचारणारा माझा बाप, आणि स्वतः न केलेल्या हजचा मान घेत बसला? हे उद्या चारचौघांत निघालं तर लोक म्हणतील, मुतवल्ली फुकटचा हाजी होता. बाकी सगळं विसरतील, एवढंच लक्षात ठेवतील. आणि ती फजिती मीच चित्र काढून भिंतीवर टांगली आहे.

रोज कारखान्यात जाताना त्या भिंतीकडे न बघता जाते. पुसली तर लोक विचारणार का पुसली. ठेवली तर रोज खोटं बोलल्यासारखं. सांगा, काय करू? आणि खरं काय ते सगळं सांगा, अर्धवट नको.

इन्शिराह

---

सुएझ,
२१ फेब्रुवारी १९९४

इन्शिराह,

बस आणि नीट वाच. चिडलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

त्र्याऐंशी साली दाजी खरोखरच हजला निघाले होते. कागद, तिकीट, एहराम, सगळं होतं. मी धक्क्यापर्यंत सोडायला गेलो. बोट आली नव्हती, दोन दिवस उशीर. पत्र्याच्या शेडखाली दक्षिणेकडच्या मुलखातले म्हातारे-म्हाताऱ्या बसलेले, सप्टेंबरचं ऊन, आणि नळाला येणारं पाणी असं की त्यात चहा व्हावा. एक म्हातारी दाजींच्या शेजारीच भोवळ येऊन पडली. बस. बर्फवाला माणूस तो, त्याला बसवेना. बंदरामागे एक बर्फाचा कारखाना होता, तिथे गेले. मालकाने नखरे केले. पुढचं तू समजून घे. एहरामच्या तयारीतला माणूस, भांडणतंटा सोडून निघालेला, आणि दाजी त्या मालकाला म्हणत होते, "तुझ्या लाद्या पोकळ, तुझं मन त्याहून पोकळ!" मी कानावर हात ठेवले. पण बर्फ आला. गाडी भरून आला. दाजींनी स्वतः करवतीने कापून माणसामाणसाच्या रुमालात तुकडे बांधून दिले.

बोट लागली, माणसं चढली, दाजींची पिशवीही वर गेली. आणि दाजी म्हणाले, "डेकवर ऊन आहे, वाटेत काय पितील? आणखी एक गाडी आणतो." ते गाडी घेऊन येताहेत आणि बोट धक्का सोडते आहे! मी बोंबलतो आहे, "दाजी, धावा!" त्यांनी बोटीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि शेडमध्ये पुढच्या बोटीची माणसं जमायला लागली होती तिकडे बघितलं. म्हणाले, "शहात, ही लादी वितळेल. ह्यांना देऊन टाकू."

तर तुझी ती पिशवी एकटीच हज करून आली. कुणा भल्या माणसाने परत आणून दिली. तू सासरी खोटं दाखवलं नाहीस, पिशवी खरोखरच हाजी आहे.

पुढच्या वर्षीही ते जायचं म्हणूनच आले. पण येताना करवत आणि लाद्या उचलायचा आकडा बरोबर. मग दरवर्षी तेच. "ही बोट जाऊ दे, पुढच्या बोटीने जातो." शेवटची बोट गेली की माझ्याकडे बघून हसायचे आणि परतणाऱ्यांसाठी थांबायचे. झमझम, खजूर हे त्या परतणाऱ्या लोकांनी बळेच हातात कोंबलेलं. नको म्हटलं तर तेही भांडायचे.

मान घेतला म्हणतेस. अगं, आपल्याकडे केस पिकले की माणूस हाजी होतो. डॉक्टरसुद्धा म्हणतो, "हाजी, जीभ दाखवा." मला तर मी गेलो नव्हतो तेव्हापासून म्हणतात. दाजी कुणाकुणाला थांबवणार? एकदा मी छेडलं, "सांगून टाका ना गावाला." म्हणाले, "सांगितलं की लोक माझं कौतुक करतील बर्फाचं. ते हाजी म्हणण्यापेक्षा वाईट." आणि भिंत ओली आहे असं ते दहा वर्षं का सांगत होते, ते आता तुला कळलं असेल. त्यांनी खोटं काही रंगू दिलं नाही, पोरी. ते काम तू आणि मी मिळून केलं.

मनाला लागलं होतं का? लागलं होतं. गेल्या वर्षी शेवटची बोट गेल्यावर पहिल्यांदा हसले नाहीत. पाण्याकडे बघत म्हणाले, "शहात, एकदा जायला हवं होतं रे." तेवढंच.

भिंतीचं काय करायचं ते तू ठरव. मी म्हातारा आहे, मला फक्त चहा करता येतो.

तुझा मामा

---

इज्बत-अल-बुर्ज,
२० मार्च १९९४

मामा, ईद मुबारक.

महिनाभर लिहिलं नाही. तुमचं पत्र उशीखाली ठेवून झोपत होते, रागही येत होता आणि हसूही. पिशवीला तर जाऊन हात लावून आले.

ईदच्या तिसऱ्या दिवशी गन्नाम उस्तादाला बोलावलं. म्हटलं, "बाबांना डेकवरून काढ आणि खाली धक्क्यावर उभं कर." त्याने कुंचला खाली ठेवला. म्हणाला, "तीस वर्षं हाजी रंगवतो आहे, बाई. बोटीवर चढवलेला हाजी उतरवायला मला आजवर कुणी सांगितलेलं नाही." पण घेतला हातात चुना. ईदचे दिवस, सगळे घरी. बघता बघता गल्ली भरली. तांडेल हमदून ओरडला, "अगं ए, हाजींना का पुसतेस?"

आत पळून जावंसं वाटलं. पण बाबांची मुलगी आहे म्हटलं, आणि मोठ्याने सांगितलं, "बाबा हजला गेले नव्हते. कधीच नाही. ते सुएझच्या धक्क्यावर हाजींना बर्फ वाटायचे. मला ठाऊक नव्हतं, म्हणून चुकीचं चित्र काढलं."

 मला वाटलं, संपलं. आता कुणीतरी थुंकणार.

तेवढ्यात मासेवाली उम्म सफवान पुढे झाली. म्हणाली, "थांब, थांब. माझ्या हजच्या वर्षी ते मला धक्क्यावर भेटले होते. ह्या इथे, डोक्यावरच्या ओढणीत बर्फ बांधून दिला आणि म्हणाले, 'तोंडात धर, बडबड कमी होईल.' मला वाटलं, ते मागच्या बोटीने येताहेत!"

हमदूनने कपाळावर हात मारला. "माझ्या वर्षीही ते धक्क्यावरच होते. मला वाटलं ते आधीच जाऊन आले!" मग तिसरा, मग चौथी. मामा, आपल्या गावातून बोटीने गेलेल्या प्रत्येकाला बाबा धक्क्यावर भेटले होते, आणि प्रत्येकाला वाटलं की ते दुसऱ्या बोटीत आहेत! मक्केत लाखो माणसं, तिथे दिसले नाहीत तर कोण शोधत बसणार? इतकी वर्षं सगळं गाव एकच चूक जपून बसलं होतं. आधी उम्म सफवान हसली, मग सगळी गल्ली. हसता हसता ती भिंतीला टेकून रडायला लागली आणि तिच्या काळ्या झग्याला ओला चुना लागला.

मग काय, जो तो उस्तादाला सांगायला लागला. "बाही वर केलेली काढ." "करवत उजव्या हातात." "पोट मोठं कर, हे कोण काढलं आहेस!" पोट पूर्ववत झालं. बाबा आता धक्क्यावर उभे आहेत, पायाशी लाद्या, समोर रुमाल पसरलेली माणसं. डेकवर त्यांची पिशवी तेवढी ठेवली आहे, कारण ती गेली होती. वर 'हज कबूल' पुसून नुसतं नाव लिहिलं. आईने ह्या वेळी खुर्ची बाहेर मागवली आणि संध्याकाळपर्यंत तिथे बसून राहिली.

एकच खोट राहिली. डेकवरचे पांढरे बाबा चुन्याखालून पुसटसे दिसतात. उस्ताद म्हणतो, उन्हाळ्यात भिंत चांगली सुकली की दुसरा हात मारतो.

यंदा हंगामाला मी येते आहे. दोन ट्रक बर्फ, भुशात बांधून, आणि करवत बाबांची. तुमच्या घरी शिव्यांना खंड पडणार नाही. पण मामा, ते "एकदा जायला हवं होतं" मला झोपू देत नाही. ह्यावर काही करता येतं का?

तुमची
इन्शिराह

---

सुएझ,
२ एप्रिल १९९४

पोरी,

करता येतं. ज्याचा स्वतःचा हज झाला आहे त्याला गेलेल्या माणसाच्या नावाने करता येतो. माझा अठ्ठ्याहत्तर साली झाला. कागद टाकले आहेत, इमामसाहेबांना विचारूनही घेतलं. गुडघ्यांना विचारलेलं नाही.

येताना ती कातडी पिशवी आण. आणि बदक. बदकाशिवाय मी बोटीवर चढणार नाही, हे ताईला स्पष्ट सांग.

शहात

---

जेद्दा,
२६ मे १९९४

इन्शिराह पोरी,

परतीच्या बोटीची वाट बघत बंदरावर बसलो आहे. झालं. सगळं झालं, दाजींच्या नावाने. प्रत्येक ठिकाणी आधी त्यांचं नाव घेतलं. अरफातला दुपारी तर मोठ्याने म्हटलं, "मुतवल्ली हजर आहे." शेजारचा म्हातारा म्हणाला, "हाजी मुतवल्ली, जरा सरका." मी सरकलो. त्याला काय सांगत बसू?

आता तुझ्याविषयी. बोट सुटली तेव्हा मी डेकवर कठड्याला धरून उभा होतो. तू खाली धक्क्यावर. तुला हाक मारली, "इन्शी! अगं इन्शी!" पिशवी हलवली. शेजारच्या चौघांनी मिळून ओरडून बघितलं. तू मान वर केली नाहीस. बाही वर, करवत चाललेली, आणि एका म्हाताऱ्याला ओरडत होतीस, "काका, दोन्ही हात पुढे करा, एका हातात मावतं का?" बोट दूर गेली तरी तू तिथेच, पुढच्या माणसाच्या रुमालावर वाकलेली. हुबेहूब दाजी! इतकी वर्षं मी खालून त्यांना ओरडत आलो, धावा, बोट चालली. वरून बघितलं तेव्हा कळलं, त्यांना ऐकूच येत नसणार. मी तिथे डेकवर लहान पोरासारखा रडलो. बदक खाऊनही रडलो.

पिशवीवर दुसरं लेबल लागलं आहे, सासरी जाऊन दाखव.

आणि घरी पोचलीस की आधी गन्नामला निरोप दे, चुन्याचा दुसरा हात मारू नकोस म्हणावं. डेकवर जे पुसट दिसताहेत ना, त्यांना तसंच राहू दे. दाजी चढले एकदाचे.

तुझा मामा
शहात